आतल्या फाईलचं नाव

मल्हाररावांच्या कारखान्यात ज्याला नाव देता येईल अशा प्रत्येक वस्तूचं नाव खंडेराव होतं. फळं तोलून त्यांची प्रतवारी करणारं यंत्र खंडेराव, माल पोचवणाऱ्या टेम्पोच्या काचेवर खंडेराव, बोअरवेल खंडेराव, वायफायचा पासवर्डही खंडेराव. पासवर्ड कुणाला सांगावा लागत नसे. पाहुणा देवाच्या तसबिरीखालच्या खुर्चीत बसला की त्याला तो आपोआप सुचे.

यात मल्हाररावांच्या कल्पनादारिद्र्याचा दोष नव्हता. त्यांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडले, शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला भंडारा उधळून त्यांनी मुलाला शहरात शिकायला ठेवलं, आणि मुलानं चिकलठाण्याच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड टाकली. त्यामुळे मल्हाररावांचं म्हणणं सरळ होतं. "देवाच्या नावानं चाललंय ना सगळं? मंग दुसरी नावं हुडकत कशाला बसायचं?"

शहराचं नाव बदललं तेव्हा लोक महिनोन्महिने पाट्या, पत्ते आणि एकमेकांना दुरुस्त करत होते. खंडेरावच्या कारखान्यात तेवढ्या पाट्या बदलून झाल्या आणि लोक कामाला लागले. नाव बदलल्यानं आतलं काही बदलत नसतं, अशी मल्हाररावांची ठाम समजूत होती. ती एका सकाळी रत्नमालाच्या संगणकावर खोटी ठरली.

रत्नमाला फुलंब्रीहून रोज बसनं येणारी कारखान्याची एकुलती सॉफ्टवेअर इंजिनिअर. तीही धनगराघरची, म्हणून मल्हारराव तिला लेकीसारखं वागवत, म्हणजे दुसऱ्या शेडमधून ओरडून हाक मारत. तिच्यापुढचं काम असं होतं: यंत्रातला जुना संगणक-बोर्ड बाजारातून गेला होता, नव्या बोर्डावर नवा लिनक्स आला होता, आणि खंडेरावाला त्या नव्या घरात नांदवायचं होतं.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. बाहेरचं एखादं उपकरण चालवायचं तर त्या गाभ्याला एक तुकडा जोडावा लागतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल तयार करायचं काम 'मेक' नावाचा एक प्रोग्रॅम करतो. त्याला लिहिलेला कोड द्यायचा, तो शिजवतो, शिजलेले तुकडे सांधतो आणि पुढं करतो. अडचण एवढीच होती की खंडेरावाच्या मॉड्यूलमधला महत्त्वाचा तुकडा आधीच शिजलेला होता.

पट्ट्यावरून डगमगत जाणाऱ्या फळाचं वजन त्याला न थांबवता अचूक सांगायचं, हे गणित पूर्वी इथंच काम करणाऱ्या कमरोद्दीन यांनी बसवलं होतं. त्याचं कर्नलशी काही देणंघेणं नव्हतं, निव्वळ आकडेमोड होती, त्यामुळे कर्नल कितीही बदलले तरी ती चालण्यासारखी होती. पण कमरोद्दीननी कोड कधी दिला नाही. दिली ती शिजलेली फाईल, 'खंडेराव डॉट ओ'. नान-खलियाची देग घरपोच, मसाला मात्र विचारायचा नाही, असा तो रोखठोक व्यवहार होता. आणि मग एक दिवस ते नोकरी सोडून गेले.

रत्नमालानं आठवडाभर खपून नव्या कर्नलशी बोलणारा जोडकोड लिहिला. मग मेकला सांगितलं: हा जोडकोड आणि खंडेराव डॉट ओ एकत्र सांध, आणि जे तयार होईल त्याचं नाव ठेव खंडेराव.

मेकनं इशारा दिला. अमुक फाईल स्वतःवरच अवलंबून आहे, सबब ते अवलंबन सोडून देत आहे, अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर आली आणि वर सरकली. मेक दिवसभर असे इशारे देतच असतो, आणि बसस्टँडवरच्या भोंग्याकडे प्रवासी जितकं लक्ष देतात तितकंच इंजिनिअर त्याच्याकडे देतात. रत्नमालानं ओळ वाचली, डब्यातली भाकरी मोडली, आणि घास तोंडात असतानाच तिला ओळीचा अर्थ लागला.

खंडेरावातून खंडेराव तयार कर, असं तिनं सांगितलं होतं. मेकनं विचार केला, वस्तू स्वतःपासून कशी तयार होईल? म्हणून त्यानं जुन्या खंडेरावाला हिशेबातून वगळलं, नुसत्या जोडकोडातून नवा खंडेराव केला, आणि नाव तेच असल्यानं तो जुन्यावर लिहून मोकळा झाला. कमरोद्दीन यांचं गणित आता कुठंच नव्हतं. फाईल होती, नाव होतं, आत वजन सांगणारं कुणी नव्हतं.

भाकरी डब्यात तशीच ठेवून ती फाईलकडे बघत बसली. मग शोधाशोध. कोडच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणाऱ्या प्रणालीत बघितलं, तर तिथं नियमच होता की शिजलेल्या फायली ठेवायच्या नाहीत, त्या काय, कधीही पुन्हा शिजवता येतात. फर्दापूरला दिलेल्या जुन्या यंत्रात तो तुकडा होता, पण जुन्या मॉड्यूलमध्ये असा विरघळलेला की वेगळा काढणं म्हणजे चहातून साखर परत काढणं. उरला मल्हाररावांचा पेनड्राइव्ह. 'सगळ्याची एक कॉपी देवापाशी आहे' असं ते अभिमानानं सांगत, आणि तो खरोखर देव्हाऱ्यात होता. उघडला. आत खंडोबाच्या जागरणाची गाणी होती. चांगली होती, पण सीताफळं तोलणारी नव्हती.

आणि सीताफळं तर तोलायचीच होती. दौलताबादच्या शेतकरी गटानं नवं यंत्र सांगितलं होतं, किल्ल्याखालच्या उतारावर फळांचे डोळे उघडायला लागले होते. सीताफळाला एकदा डोळे फुटले की ते कुणासाठी थांबत नाही. हंगामात यंत्र पोचलं नाही तर गट पुढल्या वर्षी खंडेरावाचं नावही घेणार नाही, हे रत्नमालाला माहीत होतं. शब्द तिनंच दिला होता.

ती उठून मल्हाररावांकडे गेली आणि काय झालं ते सांगितलं.

मल्हारराव रागावले नाहीत. ते काळजीत पडले की शांत होत, हे जास्त वाईट. "कमरोद्दीनकडं असंल," ते म्हणाले. "पण तो माझ्याशी बोलत नाय."

"का?"

"त्यालाच ठाव. लई सोन्यासारखा माणूस. फाईल आणली, यंत्रात घातली, वजन बरूबर आलं. मी चहा मागवला. त्यानं अर्धा कप तसाच ठेवला, उठला, गेला. पुन्हा आला नाय. ईदला भाभी शीरखुर्मा पाठवते घरी, तो मातर येत नाय."

"तुम्ही काही बोललात का त्यांना?"

"कौतुक केलं की त्याचं," मल्हारराव खरोखर कोड्यात पडल्यासारखे म्हणाले.

पलीकडच्या टेबलावर त्यांची बायको आशाबाई बिलं लावत होती. कारखान्याचा सगळा कागद तिच्या हाताखालून जाई. ती मान वर न करता म्हणाली, "रत्ना, तू जा. यांना नेऊ नको. हे पुन्हा कौतुक करतील."

कमरोद्दीन रोशन गेटच्या मागच्या गल्लीत राहत. दार शमशादनं उघडलं. त्यांची बायको, गोल चेहऱ्याची, समोरचा माणूस किती खोल पाण्यात आहे हे उंबऱ्यातच ओळखणारी.

"खंडेरावकडून आली का? ये बेटा, बस. यांच्या भांडणाचं कारण कळलं तर मलाही सांग. मी विचारते तर म्हणतात, मशीन की बात है. मशीनवरून कुणी वर्षानुवर्षं रुसतं का?"

कमरोद्दीननी आतल्या खोलीतून हे ऐकलं आणि चष्मा पुसत बाहेर आले. रत्नमालानं मेकची ओळ सांगितली. पुढची गोष्ट तिला सांगावी लागली नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "एकाच नावाची दोन. हौ. होणारच होतं."

"चाचा, तुमच्याकडं कॉपी आहे?"

"आहे." शमशाद चहा टाकायला आत जाईपर्यंत ते थांबले. मग जुना लॅपटॉप उघडून त्यांनी रत्नमालाकडे वळवला. एका फोल्डरमध्ये एकच फाईल होती. तिचं नाव खंडेराव नव्हतं. शमशाद डॉट ओ होतं.

रत्नमालानं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"तिला ठाऊक नाही," कमरोद्दीन हलक्या आवाजात म्हणाले. "हिच्या अब्बांची शहागंजात फळांची दुकान होती. मी काटे दुरुस्त करायचो. त्यांचा काटा जरा जास्तच बिघडायचा, म्हणजे मी म्हणायचो की बिघडलाय. ही पेरू टाकायची पारड्यात. काटा नाचायचा. दुसरे लोक तो थांबायची वाट बघतात, नाहीतर घाईत काहीतरी बोलतात. ही थोडी गप्प राहायची, काटा इकडं किती गेला, तिकडं किती गेला हे बघायची, आणि तो नाचत असतानाच वजन सांगायची. नंतर बघावं तर तेच. मी बस तेवढंच गणितात लिहिलंय. त्या थोड्या गप्प राहण्याचं."

"आणि नाव मालकांनी बदललं."

"माझ्यासमोर. मी चहा पीत होतो. शमशाद खोडलं, खंडेराव लिहिलं, आणि म्हणाला, आता कसं आपल्या घरातलं झालं." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर ठेवला. "काय बोलणार? भर ऑफिसात बीवीचं नाव घेऊन भांडू?"

मल्हारराव शमशादला कायम भाभी म्हणत. ते नाव कुणाचं, हे त्यांना कळायला वाटच नव्हती. आणि सांगायचं तर कमरोद्दीनना ज्या गोष्टीची लाज वाटत होती, तीच मोठ्यानं बोलावी लागली असती. दोन भली माणसं एका अर्ध्या कपावर अडकून राहिली होती.

"फाईल देतो," ते म्हणाले. "शर्त एकच. नाव हेच राहील. आणि कुणाचं आहे ते तू सांगायचं नाही."

शमशाद चहा घेऊन आली आणि दोघं एकदम गप्प झालेले पाहून म्हणाली, "पुन्हा मशीन की बात."

दुसऱ्या दिवशी रत्नमालानं मल्हाररावांपुढं मांडणी केली. बाहेरच्या मॉड्यूलचं नाव खंडेरावच राहील. यंत्र सुरू झालं की पडद्यावर खंडेरावच दिसेल. पण आतल्या तुकड्याचं नाव तेच ठेवलं तर मेक आतल्याला खातो, कालसारखं. म्हणून आतल्याचं नाव वेगळं लागतं, शमशाद.

"तेव्हा बी फाईलवर हेच होतं. शमशाद म्हंजे काय?"

"झाड असतं एक. सरळ, उंच वाढणारं."

हे खोटं नव्हतं. आशाबाईचा बिलं उलटणारा हात मात्र थांबला. ईदच्या शीरखुर्म्याचा डबा परत करायला दरवर्षी तीच जात असे.

मल्हाररावांनी दाढी खाजवली. "मेक ऐकत नाय म्हणतीस तर बदलू. यंत्राशी काय वाद घालायचा. पण झाडाचं कशाला? बाणाई ठेव. देवाची आपल्या घरची राणी हाय ती. खंडेरावाच्या आत बाणाई, किती शोभतंय. चालंल ना मेकला?"

इथं रत्नमालाला खोटं बोलणं अगदी सोपं होतं. नाही चालत म्हटलं असतं तर मल्हाररावांनी मेकपुढं हात टेकले असते, मेकनं साक्ष दिली नसती, आणि दुपारपर्यंत फाईल आली असती. पण काल एक इशारा तिनं बघून सोडून दिला होता, त्याची चव अजून तोंडात होती.

"चालेल," ती म्हणाली. "मेकला कुठलंही वेगळं नाव चालतं. पण मग कमरोद्दीन चाचा फाईल देणार नाहीत."

"एका नावापायी?"

"व्हय."

"का पण?"

"ते त्यांनी सांगायचं, अण्णा. मी शब्द दिलाय."

मल्हाररावांचा चेहरा लांबला. "म्हंजे मी त्याची वस्तू घरात घेतली, देवाचं नाव दिलं, मान दिला, तर हा रुसला. आता याला काय म्हणावं?"

"माझं नाव शालू होतं," आशाबाई म्हणाली.

मल्हाररावांनी वळून बघितलं. हे त्यांना माहीत होतं, पण बऱ्याच वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

"लग्नात ताटातल्या तांदळावर तुम्ही अंगठीनं आशा लिहिलं. सगळ्यांनी कौतुक केलं, अक्षर चांगलं आहे म्हणून. मला कुणी विचारलं नाही. मी काही उठून गेले नाही, बाईला उठून जाता येत नाही." ती बिलांना टाचणी लावत होती. "नाव वाईट नाही. सवय झाली. पण माहेरी अजून कुणी शालू म्हटलं की मी आधी वळते आणि मग आठवतं की मीच."

मल्हारराव देवाच्या तसबिरीकडे बघत होते. देव घोड्यावर होता, काही बोलण्याच्या परिस्थितीत नव्हता.

"रत्ना," शेवटी ते म्हणाले, "झाडाचं नाव ऱ्हाऊ दे."

कमरोद्दीन फाईल घेऊन स्वतः आले. मल्हारराव दारापर्यंत गेले, पण आता काय बोलावं हे न सुचून त्यांनी रस्त्याच्या कामाची चौकशी केली. कमरोद्दीन म्हणाले, हौ, खोदून ठेवलंय. मग दोघं रत्नमालाच्या मागं दोन खुर्च्यांवर बसले आणि एकमेकांशी न बोलता पडद्याशी बोलू लागले.

तिनं आधी फाईलच्या तीन जागी प्रती केल्या. मग मेक चालवला. तो अडला, पण वेगळ्या जागी: हा तुकडा कसा तयार झाला त्याची चिठ्ठी जवळ नाही, म्हणाला. मेक स्वतः शिजवलेल्या प्रत्येक तुकड्याशेजारी एक छोटी लपलेली फाईल ठेवतो, कोणत्या आज्ञेनं हा जन्मला त्याची नोंद. बाहेरून आलेल्या शमशादपाशी तसलं काही नव्हतं.

"जन्मदाखला मागतोय की हा," मल्हारराव पडद्याला म्हणाले.

"सरकारी दिसतोय," कमरोद्दीन पडद्यालाच म्हणाले.

उपाय कर्नलच्या कागदपत्रांतच होता. फाईलच्या नावामागं 'शिप्ड' असं एक शेपूट लावायचं. म्हणजे मेकला कळतं की हा माल बाहेरून पाठवलेला आहे, याला शिजवू नको, याची नक्कल काढ, चिठ्ठी तूच लिही आणि नक्कल वापर. साफसफाईत नक्कल पुसली तरी मूळ जागेवर राहतं. रत्नमालानं शेपूट लावलं. यावेळी तिनं मेकची एक-एक ओळ बोट ठेवून वाचली. तक्रार नव्हती. शेवटी खंडेराव तयार झाला, आणि आधीपेक्षा वजनदार होता.

नव्या बोर्डावर मॉड्यूल चढवलं. कर्नलनं ते घेतलं, आणि स्वतःच्या नोंदीत एक ओळ लिहिली.

"हे काय म्हणतंय?" मल्हारराव पुढं वाकले.

"कर्नलला डाग लागला, असं."

"डाग? कसला डाग?"

"याचं मूळ मला दाखवलेलं नाही, एवढं लिहून ठेवतो तो. उद्या काही बिघडलं तर शोधायला बरं. पण अडवत नाही. काम करू देतो."

मल्हाररावांनी थोडा विचार केला. "लई समजूतदार हाय की."

"हौ," कमरोद्दीन म्हणाले. "सगळेच नसतात."

मल्हाररावांनी चहा मागवला. कमरोद्दीन पूर्ण कप प्यायले.

दौलताबादला यंत्र लावलं त्या दिवशी आशाबाईनं शमशादलाही गाडीत घेतलं, किल्ला बघू म्हणून. किल्ला जिथं होता तिथंच राहिला. सगळे गटाच्या शेडमध्ये पट्ट्यापाशी उभे राहिले. सीताफळं एकामागं एक वाट्यांत बसून डुलत येत होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत खंडेराव, आणि खाली आकडा. तो नाचत नव्हता. फळ काट्यावर आलं की क्षणभर काहीच नसे, आणि मग फळ डुलतंय तोवरच आकडा येई, एकदाच.

शमशाद बराच वेळ बघत होती. मग तिनं एक सीताफळ उचललं, हातावर तोललं, परत वाटीत ठेवलं. आकडा आला तेव्हा तिनं मान हलवली.

"हे गप्प राहतंय ना मधे," ती म्हणाली, "ते माझ्यासारखं आहे. अब्बांच्या दुकानात मी असंच करायचे."

कमरोद्दीन एका वायरची पाहणी करू लागले. वायरला काही झालं नव्हतं.

"हे आतलं तुम्ही केलंय ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. "काय नाव त्याचं?"

रत्नमालानं आशाबाईकडे बघितलं, आशाबाईनं सीताफळांकडे. रत्नमालानं दिलेला शब्द दोघींनी आपापल्या परीनं पाळला. कमरोद्दीननी वायर सोडली, चष्मा काढला, पुसायला काही सापडेना म्हणून तसाच हातात धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत म्हणाले, "शमशाद."

पट्टा चालू होता. दोन-तीन फळं गेली.

मल्हाररावांचं तोंड हळूहळू उघडलं. "मला वाटलं झाडाचं नाव हाय," ते म्हणाले.

"झाडाचंच आहे," कमरोद्दीन म्हणाले.

"तू मला तेव्हा बोलायचं होतंस की, येड्या."

"तू चहा पाजत होता. चहा पिताना कसं बोलणार?"

शमशादनं ओढणी सारखी केली. ती पडद्याकडे बघत होती, तिथं तिचं नाव कुठंच नव्हतं. खंडेराव होता आणि आकडा होता. "इतकी वर्षं आत ठेवलं," ती म्हणाली, "आणि मला म्हणे, मशीन की बात."

"मग काय चुकीचं बोललो?"

तिनं पुढच्या वाटीतलं फळ दाबून पाहिलं, डोळे अजून मिटलेले होते. "हे कच्चं आहे," ती गटाच्या माणसाला म्हणाली. "वजन बरोबर सांगतंय, पण हे काढून ठेवा. ते यंत्राला कळत नाही." आणि पुढचं फळ येईपर्यंत ती थोडी गप्प राहिली.